रेघा घटल्या की प्रारण वाढते

भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याची धास्ती अनेकांना वाटते; डोक्याला अधिक प्रारण मिळते ते मात्र बहुधा कानाशी धरलेल्या संचातून. मनोरा दूर किंवा डोंगराआड असला, की संपर्क टिकवण्यासाठी संच आपली प्रक्षेपणशक्ती आपोआप वाढवतो. त्यामुळे अलिबागहून मुरूड-श्रीवर्धनकडे जाताना एखाद्या डोंगराआड सिग्नलच्या रेघा घटल्या, तर लांबलचक संभाषण तेवढ्यापुरते टाळावे. बोलणे अटळ असल्यास इअरफोन किंवा स्पीकर वापरावा. संच वीतभर दूर गेला तरी मात्रा झपाट्याने उतरते.

हे प्रारण अणुभट्टीतल्यासारखे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात घातले. संघटनेनेच करविलेल्या २०२४ च्या आढाव्यात मात्र मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. भारतात सप्टेंबर २०१२ पासून संचासाठी प्रतिकिलो १.६ वॅट ही शोषणमर्यादा आहे. अनेक संचांवर *#०७# दाबल्यास हा आकडा दिसतो.

प्रारण ‘शोषणारे’ स्टिकर विकत घेण्यात अर्थ नाही. त्यांनी लहरी खरोखरच अडवल्या, तर संच आणखी जोर लावील!