कादंबरीतली विधवा आणि धारची मैनाबाई

मराठी कादंबरीचा इतिहास बहुधा १८५७ पासून सांगतात. त्या साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ निघालं. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांचे हाल बघते आणि पुढे स्वतःच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. विधवांचं दुःख उघडपणे मांडलं, हे त्या पुस्तकाचं मोठेपण. तरी मला एक प्रश्न पडतोच. कादंबरीतली विधवा म्हणजे नुसती सोसणारी, असं का व्हावं?

प्रश्न पडतो तो आमच्या मुलखामुळे. मी उदयनगरची. देवास जिल्ह्यातलं गाव. आम्ही माळव्यातली मराठी माणसं धार आणि देवास ही नावं एका दमात घेतो, कारण दोन्हीकडे गादी पवारांची. धारचे आनंदराव पवार १८०७ साली वारले. राज्य तेव्हा पार खिळखिळं झालेलं. शिंदे-होळकरांच्या फौजा लचके तोडत होत्या. अशा वेळी त्यांच्या विधवेने, मैनाबाईंनी, दत्तक मुलगा रामचंद्रराव याच्या नावाने गादी सांभाळली. १८१९ मध्ये इंग्रजांशी तह झाला, तोवर धार शिल्लक राहिलं ते बाईंच्या हिमतीवर. त्याआधी महेश्वरला अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ कारभार केला. त्याही विधवाच की!

म्हणजे ‘यमुनापर्यटन’ निघण्याच्या पन्नास वर्षं आधी विधवा राज्य राखत होती. कुणी म्हणेल, त्या राण्या होत्या, चारचौघींचं तसं कुठे? खरं आहे. पण मग राजा-राणीच्या कादंबऱ्या तरी बघा. १८६१ची हळब्यांची ‘मुक्तामाला’, १८६८ची रिसबुडांची ‘मंजुघोषा’. तिथे राजवाडे आहेत, कारस्थानं आहेत, पण नायिकेचं काम सुंदर असणं आणि संकटात पातिव्रत्य राखणं. कारभार बघणारी, हिशेब मागणारी बाई नायिका होत नाही. डोकं चालवणारी बाई म्हटली की ती कपटीच, असा तेव्हाच्या गोष्टींचा रिवाज.

हे पहिल्यांदा कुणी ठणकावून सांगितलं? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांनाच नावं ठेवली गेली. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलं. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोकडा सवाल. त्यात त्यांनी ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांचाही समाचार घेतला. पुस्तकातल्या बायका आणि घरातल्या बायका यांची गाठ पडत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. बाईंचं पुस्तक पुढे विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं.

मग हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आली. १८९० पासून ती ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. यमू स्वतः आपली हकिकत सांगते, हे मोठंच पाऊल. सोवळं करण्याचा जुलूम तिच्याच तोंडून ऐकताना आजही पोटात कालवतं. पण यमूचा ‘मी’ लेखकाने उसना दिलेला होता. ती बोलते, आणि बोलून मरते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या मुली स्वतःच्या मनातलं बोलू लागल्या, तेव्हा लेखिकेला ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड जावं लागलं. बाळूताई खरे (पुढे मालतीबाई बेडेकर) हे आपलं नाव घेऊन ते लिहिणं तेव्हा सोपं नव्हतं.

आमच्या जैन घरांतून उज्जैनीच्या मैनासुंदरीची कथा सांगतात. तीही बहुतेकदा एकाच अंगाने सांगतात. कोड झालेल्या श्रीपालाची तिने सेवा केली, सिद्धचक्राची पूजा केली, नवरा बरा झाला. बरं, पण तिचं लग्न तसं लावलं कशामुळे? तू कुणाच्या भाग्याने खातेस, असं बापाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आपल्या कर्माने. भर दरबारात, राजा असलेल्या बापापुढे! सेवा लक्षात राहिली आणि ते उत्तर मागे पडलं.

मला वाटतं, साचा बहुतेक वेळा असाच तयार होतो. खोटं सांगायची गरजच पडत नाही. अर्धी गोष्ट मोठ्याने सांगायची, उरलेली हळू. म्हणून मुलींच्या हाती जुन्या कादंबऱ्या जरूर द्याव्यात. त्यांच्या जोडीला ताराबाईंचं पुस्तक द्यावं, आणि धारच्या मैनाबाईंची हकिकतही सांगावी. मग कुठली बाई खरी वाटते ते मुली आपलं आपण ठरवतील.