मोत्याची चव

आजीची नथ मोडायला नेली की सोने तोलले जाते, मोती बाजूला पडतो. सुरतेचे जुने जैन जवेरी असे करते ना! इराणच्या आखातातला बसरा मोती ते ‘चव’ या मापाने मोजत. त्यात वजनाचा वर्ग धरत. म्हणून दुप्पट वजनाचा दाणा चौपट ठरे. शिवाय पाणी, रंग, गोलाई पाहत. १८९३मध्ये जपानात मिकिमोटोंनी मोती पिकवला. पुढे नैसर्गिक मोत्यांचा बाजार बसला, दाणे दुर्मीळ झाले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा मोत्यांचा गालिचा २००९मध्ये दोहाच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरांना गेला. तेव्हा नथ मोडण्याआधी मोत्याचा क्ष-किरण काढून घ्या. पिकवलेल्या मोत्यात बहुधा आत घातलेला मणी दिसतो.