खणातल्या मोडेमांचा इतिहास



दरवर्षी दशलक्षण पर्वाच्या नवव्या दिवशी, म्हणजे उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, मी घरातला एक खण रिकामा करते. ही पद्धत सासूबाईंची. त्यांनी परिग्रह परिमाणाचे व्रत घेतले तेव्हापासून घरात एक वही आहे. तीत क्षेत्र, वास्तू, सुवर्ण, धान्य असे रकाने आहेत आणि शेवटी कुप्य व भांड. मी बी.कॉम. म्हणून वही लिहायचे काम लग्नानंतर लवकरच माझ्याकडे आले. गेल्या भाद्रपदात टीव्हीखालचा खण काढला, तर आत वायरींच्या गुंत्यात तीन मोडेम, एक राउटर, एक छोटा वायफाय ॲडॉप्टर आणि विजेचे चार ॲडॉप्टर निघाले. एकूण नऊ नग. वहीत एकाचीही नोंद नव्हती. साड्या मोजल्या, पातेली मोजली, आणि हे कधी घरात आले ते मोजलेच नाही.

टाकून देण्याआधी प्रत्येक वस्तू का घेतली होती ते आठवायला बसले. तेव्हा लक्षात आले की या खणात आपल्याकडच्या घरगुती इंटरनेटचा सगळा इतिहास पडला आहे, आणि त्यातले निम्मे नग केवळ न समजता निवडल्यामुळे तिथे आले आहेत.

सर्वांत खाली होता फोनला जोडायचा मोडेम. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमतर्फे. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली नोव्हेंबर १९९८ मध्ये. आमच्याकडे मोडेम आला १९९९ ला, चिरंजीव कॉलेजात गेले तेव्हा. मोडेम म्हणजे काय, तर दुभाषा. संगणकाची भाषा तारेला कळेल अशा लहरींत बदलायची आणि पलीकडून आलेल्या लहरींचे पुन्हा संगणकाच्या भाषेत रूपांतर करायचे. १९६२ सालच्या अमेरिकी बेल १०३ या मोडेमचा वेग सेकंदाला ३०० बिट होता. आमच्या मोडेमचा कागदावर ५६,००० बिट. तरी पाच एमबीची एक फाइल उतरायला पाव तास जाई. जोडताना तो किंचाळे, आणि तोवर फोन बंद. माहेरचा फोन लागत नाही म्हणून माझी आई काळजीत पडे. इंटरनेटचे पैसे वेगळे, फोनचे बिल वेगळे.

त्याच्या वर केबलचा मोडेम. याची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगावी लागेल.

केबल टीव्ही जन्मला अमेरिकेत, १९४८ च्या सुमाराला. पेनसिल्व्हेनियासारख्या डोंगराळ भागात दरीतल्या गावांना टीव्हीचे चित्र दिसत नसे. म्हणून टेकडीवर एकच उंच अँटेना उभारून तारेने घराघरात चित्र पोहोचवायला सुरुवात झाली. ही तार जाड, मधोमध तांब्याची शीर आणि भोवती जाळी. तिच्यात फोनच्या तारेपेक्षा कितीतरी जास्त मावते. अडचण एकच होती. टीव्हीचे पाणी वरून खाली वाहायचे, घरून वर काही जायचे नाही. वाटेतले ॲम्प्लिफायरही एका दिशेचेच. इंटरनेटला दोन्ही दिशा लागतात, कारण आपण मागितल्याशिवाय पान येत नाही.

दुहेरी वाहतुकीचे केबल मोडेम १९९० च्या सुमारास लॅनसिटी नावाच्या अमेरिकी कंपनीने काढले. रुझबेह यासिनी हे तिचे संस्थापक. त्यांना केबल मोडेमचे जनक म्हणतात. पण प्रत्येक कंपनीचा मोडेम फक्त तिच्याच यंत्रणेशी बोले. ग्राहकाला निवड नव्हती, केबल कंपनी देईल तो घ्यायचा. मार्च १९९७ मध्ये केबल कंपन्यांच्याच केबललॅब्ज या संस्थेने डॉक्सिस नावाचे समान नियम ठरवले. आता कोणत्याही कारखान्याचा डॉक्सिस मोडेम कोणत्याही डॉक्सिस केबलवर चालणार होता, आणि मग तो दुकानात विकत मिळू लागला. मोडेम निवडणे ही गोष्टच मुळी तिथून सुरू झाली.

आमचा चिरंजीव आता अमेरिकेत आहे. तिथे अजून हाच हिशेब चालतो. केबल कंपनीचा मोडेम वापरला तर त्याला महिन्याला १४ डॉलर भाडे पडत होते. त्याने १४० डॉलरला स्वतःचा घेतला, म्हणजे दहा महिन्यांत वसूल. घेण्याआधी मात्र त्याने दोन गोष्टी पाहिल्या: आपल्या केबल कंपनीच्या मान्य यादीत तो मोडेम आहे का, आणि डॉक्सिसची आवृत्ती कोणती. २००६ मधल्या ३.० या आवृत्तीपासून एकाच वेळी अनेक चॅनेल जोडून डेटा आणता येतो. टाकी भरायला एका नळाऐवजी आठ नळ सोडावेत तसे. ३.१ ही २०१३ ची. जुन्या आवृत्तीचा स्वस्त मोडेम घेतला तर महाग प्लॅनचे पैसे भरूनही वेग मिळत नाही.

आपल्याकडे केबल आली ती १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमाराला. गल्लीतल्या एखाद्या मुलाने गच्चीवर छत्री लावली आणि झाडांवरून, विजेच्या खांबांवरून तारा ओढल्या. ॲम्प्लिफायर एकतर्फी, जोड कसेतरी मारलेले. २००० च्या आसपास मोठ्या केबल कंपन्यांनी पुण्या-मुंबईच्या काही भागांत या तारा दुतर्फा करून घेतल्या आणि खरे केबल मोडेम दिले. आमचा त्यातलाच, २००२ चा, १,५०० रुपये अनामत भरून घेतलेला. फोन मोकळा झाला, किंचाळणे थांबले. रात्री नऊनंतर तो मंद होई, कारण आख्ख्या गल्लीची घरे त्या एकाच प्रवाहावर. शेजारच्या वहिनींना वाटे की आपल्या टीव्ही मालिकेमुळे आमचे इंटरनेट अडते. तसे नव्हते, मालिकेचे चॅनेल वेगळे. अडवत होते ते आमच्यासारखेच दुसरे इंटरनेटवाले.

पण सगळ्या तारा दुतर्फा करायला पैसा फार लागतो. म्हणून बहुतेक गल्लीतल्या केबलवाल्यांनी सोपी वाट काढली. टीव्हीची तार तशीच ठेवली आणि तिच्या बाजूने ऑफिसात संगणक जोडायला वापरतात ती इथरनेटची निळी-राखाडी तार गच्चीगच्चीवरून ओढली. गच्चीवर स्विच, तिथून घरात तार. बोलायचे 'केबलचे नेट', पण त्यात केबल मोडेम लागतच नाही! ही गोष्ट कळायला मला एक फुकटचा खर्च करावा लागला.

२००६ ला आम्ही नव्या सोसायटीत आलो. केबलवाला म्हणाला, "काकू, नेट देतो, मोडेम-बिडेम तुमचं तुम्ही बघा." आम्ही दुकानात गेलो. आदल्या वर्षी जानेवारीत दोन्ही सरकारी कंपन्यांनी फोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड आणले होते, त्यामुळे दुकाने त्या मोडेमांनी भरलेली. दुकानदाराने तोच दिला. घरी आल्यावर पाहतो तर मोडेमला भोक फोनच्या पिनचे, आणि तारेच्या टोकाला त्याहून रुंद, आठ शिरांची पिन. दुकानदाराने परत घेतला नाही. हा खणातला तिसरा मोडेम, एक दिवसही न चाललेला. म्हणून सांगते, दुकानात जाण्याआधी घरात कोणती तार येते ते पाहा. गोल, स्क्रूसारखी फिरवायची पिन असेल तर केबल मोडेम. फोनची बारीक पिन असेल तर फोनचा मोडेम. रुंद पिन असेल तर मोडेम नकोच, फक्त राउटर.

राउटर आमच्याकडे २००७ ला आला आणि त्याने घरात एक धर्मसंकट आणले.

त्या काळी केबलवाले कनेक्शन एका संगणकाला बांधून देत. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक क्रमांक असतो, मॅक ॲड्रेस. तो नोंदवून घ्यायचा, दुसरे यंत्र जोडले की नेट बंद. अमेरिकेतही सुरुवातीला काही केबल कंपन्या जास्तीच्या संगणकाचे जास्तीचे पैसे घेत. राउटर यावर उपाय होता. जुन्या वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांची पत्रे एका पत्त्यावर यायची आणि मग आत वाटली जायची, तसे राउटर करतो. बाहेर एकच नाव, आत कितीही संगणक. वर त्यात एक सोय अशी की जुन्या संगणकाचा क्रमांक राउटरला द्यायचा, म्हणजे केबलवाल्याला काही बदललेले कळतच नाही. चिरंजीवांनी पाच मिनिटांत ते केले आणि ह्यांचा संगणक व त्याचा लॅपटॉप दोन्ही सुरू.

सासूबाई बाजूला माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे पैसे एकाचे आणि वापर दोघांचा, आणि त्याला कळू नये म्हणून नाव बदललं?"

मुलगा म्हणाला, "आजी, सगळे करतात." ह्यांचे म्हणणे, तेवढाच वेग दोघांत वाटला जातो, त्याचे नुकसान काय? मलाही ते पटत होते. आमचा प्लॅन मोजून एमबीचा असता तर प्रश्नच नव्हता, जितके वापरले तितके पैसे. पण प्लॅन अमर्याद होता आणि पावतीवर छापले होते 'एक संगणक'. अचौर्याणुव्रत घेतलेल्या घरात ती पावती मला दोन रात्री टोचत राहिली. शेवटी मीच केबलवाल्याच्या टपरीवर गेले आणि सांगितले. तो आधी घाबरला, तक्रार आहे असे वाटून. मग हसला. "काकू, अर्ध्या सोसायटीत राउटर आहेत. विचारायला कोणी आलं नाही." महिना ५० रुपये जास्त ठरले. दोन वर्षांनी त्यानेच ते बंद केले, कारण तोवर प्रत्येक घरात दोन-तीन यंत्रे झाली होती आणि संगणक मोजण्यात अर्थ उरला नव्हता. मुलगा अजून त्यावरून मला चिडवतो. चिडवू दे.

तो राउटर गेला माझ्या हातून. वळवाच्या पावसात वीज जाऊन आली, त्याचा ॲडॉप्टर बंद पडला, मी खणातला दुसरा लावला. पिन बसली म्हणजे चालेल असे वाटले. राउटर ९ व्होल्टचा, ॲडॉप्टर १२ चा. वास आला आणि संपले. मैत्रिणींनो, ॲडॉप्टरवर बारीक अक्षरांत तीन गोष्टी असतात. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. कमी असले की राउटर मधूनच बंद-चालू होतो आणि आपण केबलवाल्याला बोल लावतो. आणि पिनच्या आत अधिक आहे की बाहेर, ते लहान चित्र दोन्हींवर सारखे हवे. आता मी प्रत्येक ॲडॉप्टरला चिकटपट्टी लावून यंत्राचे नाव लिहिते, मसाल्याच्या डब्यांना लिहितो तसे. गडगडू लागले की प्लग आणि बाहेरून येणारी तार दोन्ही काढते. गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या तारेतूनही विजेचा झटका येतो.

वायफायचे मी थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हा सगळ्यांकडे आहे. त्याचे पहिले नियम १९९७ चे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे विनापरवाना वापरण्याची मोकळीक आपल्या सरकारने जानेवारी २००५ मध्ये नियम काढून दिली, आणि मग ते घरोघरी पसरले. तो पट्टा लांब जातो पण गर्दीचा. मायक्रोवेव्ह लावला तरी अडखळतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीला हार मानतो. २०२० च्या चातुर्मासात बस्ती बंद होती आणि सासूबाईंना महाराजांचे प्रवचन फोनवर ऐकायचे असे. त्यांची खोली आतली, मध्ये जाड भिंत. प्रवचन ऐन रंगात आले की चाक फिरायला लागे. सगळे म्हणाले नवा राउटर घ्या. आधी होता तोच राउटर टीव्हीमागून काढून मधल्या दाराच्या वर लावून पाहिला. प्रवचन सलग ऐकू येऊ लागले. त्या चातुर्मासात, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. पुढच्या चातुर्मासाला त्या नव्हत्या.

राउटर उंचावर असण्याचा आणखी एक फायदा आहे. टीव्हीमागे तो उबदार असे, पावसाळ्यात मुंग्या अंडी घेऊन आत शिरत आणि मरत. आता भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून टांगला आहे. झाडणीने हलकेच झाडते, तेवढ्यावर भागते.

आता घरात फायबर आहे. त्याचे यंत्र कंपनीचेच, निवडायला फारसे काही नाही, सोडताना परत द्यायचे एवढे लक्षात ठेवायचे. तेव्हा खणातले नऊ नग उरले. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे १ मे २०१२ पासून लागू आहेत, तरी भंगारवाल्याकडे गेलेल्या तारा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात. त्या धुरात आणि मातीत काय काय मरते ते मनात आणून मी थांबले आणि अधिकृत संकलन केंद्राचा पत्ता शोधून फोनचे दोन मोडेम, जळका राउटर, छोटा वायफाय आणि तीन ॲडॉप्टर तिथे दिले. चौथा ॲडॉप्टर १२ व्होल्टचा, दारावरच्या राउटरला चालतो. तो ठेवला आणि वहीत कुप्याखाली लिहिला.

राहिला केबलचा मोडेम. त्याची अनामतीची पावती मी फाइलमध्ये जपून ठेवली होती. पावती घेऊन जुन्या पत्त्यावर गेले, तर तिथे आता चष्म्यांचे दुकान आहे. १,५०० रुपये बुडीत खाती टाकले आणि दुसऱ्या दिवशी मोडेमही केंद्रात नेऊन दिला.