ट्राम, तिचे प्रवासी आणि नगर जिल्हा

रस्त्याच्या पृष्ठभागाशी समतल बसवलेल्या रुळांवरून, पादचारी आणि इतर वाहने यांच्या वर्दळीतूनच धावणाऱ्या प्रवासी गाडीला ट्राम म्हणतात. रेल्वेला स्वतःची जमीन असते आणि तिच्या मार्गात इतरांना मज्जाव असतो; ट्राम मात्र सार्वजनिक रस्त्यावर, नगरपालिकेच्या किंवा सरकारच्या परवान्याने चालते, आणि तिचा उत्कर्ष व तिचा अस्त हे दोन्ही बव्हंशी या परावलंबनातून घडले आहेत. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात अशी ट्राम कधीच धावली नाही. शेजारच्या नाशकात मात्र ती सुमारे चार दशके होती, आणि जिल्ह्यातले हजारो लोक पोटासाठी ज्या मुंबईला गेले तिथे ती नव्वद वर्षे होती. नगरला ती का आली नाही, या प्रश्नाचे उत्तर मुंबई आणि नाशिक यांच्या इतिहासात सापडते, आणि भविष्याविषयी काही बोलायचे तर तेही याच उत्तराच्या आधाराने बोलावे लागते.

लोखंडी रुळावर फिरणाऱ्या लोखंडी चाकाला खडीच्या रस्त्यापेक्षा फारच कमी घर्षण होते, त्यामुळे तेवढ्याच घोड्यांना कितीतरी अधिक माणसे ओढता येतात. घोड्यांच्या ट्रामचे सगळे अर्थशास्त्र या साध्या भौतिक नियमावर उभे होते. मुंबईत अशा ट्रामचा प्रस्ताव १८६५ मध्येच आला होता. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि प्रस्तावही मागे पडला. पुढे स्टर्न्स आणि किटरेज या अमेरिकन उद्योजकांनी ते काम हाती घेतले, त्यासाठी १८७४ चा स्वतंत्र कायदा झाला, आणि ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी व बोरीबंदर ते पायधुणी या मार्गांवर घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. आरंभी गाड्या २० आणि घोडे २०० होते, म्हणजे एका गाडीमागे दहा. मुंबईच्या उन्हात घोड्याकडून दिवसातून थोडेच तास काम घेता येई, म्हणून एका गाडीसाठी दिवसभरात अनेक जोड्या बदलाव्या लागत. दाणा, वैरण, तबेला आणि नालबंद यांचा खर्च मात्र काम न करणाऱ्या घोड्यावरही तेवढाच होई. कुलाबा ते पायधुणी भाडे सुरुवातीस तीन आणे होते, ते लवकरच दोन आण्यांवर आले आणि १८९९ मध्ये एक आणा झाले. गिरणीकामगाराला आणि कारकुनाला रोज परवडेल असे वाहन मुंबईत प्रथमच मिळाले ते या भाडेकपातीमुळे, हे ट्रामच्या यांत्रिक सुधारणांच्या वर्णनात बरेचदा राहून जाते.

विजेने घोड्यांचा प्रश्न सोडवला. ७ मे १९०७ रोजी नगरपालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत विजेची पहिली ट्राम धावली; डोक्यावरच्या तारेतून येणारा प्रवाह मोटर फिरवून रुळांमधून परत जाई, आणि वीज तयार करणारी व ट्राम चालवणारी कंपनी एकच असल्याने दोन्ही धंदे एकमेकांना पोसत. ही कंपनी म्हणजे आजच्या ‘बेस्ट’ची पूर्वज. सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आल्या. त्यानंतर सहाच वर्षांनी, १५ जुलै १९२६ रोजी, याच कंपनीने मोटार बस सुरू केली, म्हणजे ट्रामचा प्रतिस्पर्धी तिच्या घरातच जन्मला.

नाशिकची कथा लहान आहे, पण नगरच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (‘जीआयपी’) रेल्वेने मुंबईहून थळघाट चढून पुढे जाताना गोदाकाठचे जुने नाशिक बाजूला ठेवले, त्यामुळे नाशिकरोड स्थानक गावापासून सुमारे पाच मैल दूर राहिले आणि मधला भाग ओसाड होता. स्थानकात उतरणारा यात्रेकरू मात्र रामकुंडाकडेच जाणार, हे निश्चित होते. या अंतरावर १८८९ मध्ये अडीच फूट रुंदीच्या रुळांची ट्राम बांधली गेली. चार घोडे दोन डबे ओढत, आणि गावातल्या मेनरोडवरील नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपासून स्थानकापर्यंत ती जाई. तिचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप होते. याच अडीच फुटी मापावर त्यांनी पुढे १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, जी पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. दुष्काळ आणि प्लेग यांच्या वर्षांत यात्रेकरू घटले, कंपनीचे नुकसान होत राहिले, आणि मोटारी आल्यावर १९३० च्या दशकाच्या आरंभी ती ट्राम बंद पडली.

नगरची परिस्थिती वरवर पाहता नाशिकसारखीच होती. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये खुला झाला आणि त्याचे स्थानक शहराच्या दक्षिणेस, जुन्या कोटापासून दूर पडले. हुसेन निजामशहाने १५६२ च्या सुमारास बांधलेल्या या कोटाचे माळीवाडा आणि दिल्लीगेट हे दरवाजे दक्षिणोत्तर रहदारीची दिशा आजही दाखवतात. भुईकोट किल्ला आणि लष्करी छावणी पूर्वेस आहेत. स्थानक ते माळीवाडा हे अंतर ट्रामला अगदी योग्य होते, परंतु त्या अंतरावरून जाणारे लोक योग्य नव्हते. नगरला उतरणारा माणूस व्यापारी, शिपाई, सरकारी नोकर किंवा तालुक्याचा शेतकरी असे, आणि त्यातला प्रत्येक जण वेगळ्या दिशेला जाई. पेठेत बाजारच्या दिवशी गर्दी होई आणि इतर दिवशी ओसरे. अशा विखुरलेल्या व अनियमित रहदारीसाठी टांगा हेच स्वस्त वाहन होते, कारण टांगेवाल्याची गुंतवणूक एक घोडा आणि एक गाडी एवढीच असे आणि गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी तोटाही तेवढाच. ट्रामचे रूळ मात्र गाडी रिकामी गेली तरी व्याज खातच राहतात. नगरला ट्राम आली नाही यात मागासलेपण शोधणे म्हणूनच चुकीचे आहे. तिथला हिशेब टांग्याच्या बाजूने होता आणि तो बरोबर होता.

जिल्ह्यात अरुंद रूळ आले ते माणसांसाठी आले नाहीत, उसासाठी आले. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिल्यावर हरेगाव येथे बेलापूर कंपनीने साखर कारखाना काढला आणि मळ्यांतला ऊस गव्हाणीपर्यंत आणण्यासाठी स्वतःचे हलके रूळ टाकले. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरसारख्या खासगी कारखान्यांतही हीच पद्धत होती. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही तासातासाला घटत असल्याने तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, रोज आणि मोठ्या प्रमाणात न्यावा लागतो. रुळांना हवी असलेली नियमितता ती हीच. कारखाना आणि मळे एकाच कंपनीच्या ताब्यात असल्याने जमिनीचाही तंटा नव्हता. पुढे सहकारी कारखाने आले, त्यांचा पाया प्रवरानगरला १९५० मध्ये घातला गेला, आणि ऊस शेकडो सभासदांच्या विखुरलेल्या तुकड्यांतून येऊ लागला. तिथे बैलगाडी आणि नंतर ट्रॅक्टर यांनाच वाव होता.

शहरांतल्या ट्रामला बसने हरवले, असे सहसा सांगितले जाते आणि ते खोटे नाही, पण त्या स्पर्धेत दोघांवरचे ओझे सारखे नव्हते. ब्रिटनच्या १८७० च्या ट्राम कायद्याने रुळांमधला आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचा अठरा इंच रस्ता दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी ट्रामचालकावर टाकली होती, आणि एकवीस वर्षांनी ती ट्राम विकत घेण्याचा हक्क स्थानिक संस्थेला दिला होता; वसाहतींतील ट्राम कायदे त्याच वळणाचे होते. एकवीस वर्षांनी हातची जाणार असलेली मालमत्ता कोणी मन लावून सुधारत नाही. बस वाहनकर भरून सार्वजनिक रस्त्यावर चाले आणि तो रस्ता सरकार राखी. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून निघून नगरच्या माळीवाड्यात पोचली. एसटीचा इतिहास नगरच्या या फेरीपासून सुरू होतो. त्याच सुमारास, ऑगस्ट १९४७ मध्ये, मुंबईची ट्राम महापालिकेच्या मालकीची झाली होती, आणि वाढत्या मोटारींना ती अडथळा ठरते म्हणून पालिकेने तिचे एकेक मार्ग बंद केले. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. एका ट्राममध्ये बसणाऱ्या माणसांना मोटारीतून न्यायचे तर रस्त्याची किती जागा लागेल, हा प्रश्न त्या निर्णयात दुय्यम राहिला.

तो प्रश्न इतरत्र पुन्हा विचारला गेला आहे. फ्रान्समध्ये नांतने १९८५ मध्ये आणि स्ट्रासबुर्गने १९९४ मध्ये नव्याने ट्राम बांधली, आणि दोन्ही ठिकाणी तिला मोटारींपासून वेगळा पट्टा दिला. मेलबर्नने आपले जाळे मोडलेच नाही. भारतात कोलकात्याची ट्राम तेवढी उरली होती, आणि तिथेही एक छोटा वारसा-मार्ग वगळता ती बंद करण्याचा इरादा सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला. दुसरीकडे, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या ‘मेट्रो निओ’साठी, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या रबरी चाकांच्या लांब गाड्यांसाठी, २,०९२ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. तिचा मुख्य मार्ग नाशिकरोडलाच जातो. १८८९ च्या ट्रामने जी गरज ओळखली ती आजही तशीच आहे. जाहीर झाल्यानंतर मात्र प्रत्यक्ष काम रेंगाळले.

नगर शहरात स्थानक, माळीवाडा, दिल्लीगेट आणि सावेडी अशी एक सरळ रेषा आता प्रवाशांनी भरलेली असते, परंतु पेठांतले रस्ते अरुंद आहेत आणि ही गरज वेळेवर येणाऱ्या, पुरेशा संख्येच्या बसगाड्यांनी आधी भागवता येईल. जिल्ह्यात नाशिकच्या जुन्या ट्रामची अट खरोखर पूर्ण करणारे ठिकाण शिर्डी आहे: २००९ मध्ये सुरू झालेले साईनगर स्थानक साईबाबांच्या मंदिरापासून काही किलोमीटर अंतरावर आहे, भाविक रोज आणि हजारोंच्या संख्येने येतात, आणि जवळपास सगळे एकाच जागी जातात. काकडीचा विमानतळ २०१७ पासून चालू असला तरी तो दूर आहे आणि विमानाने येणारे भाविक तुलनेने थोडे, म्हणून तिथपर्यंत रूळ नेण्याचा विचार आज करू नये. अडचण आहे ती रस्त्याच्या ताब्याची, कारण गावाच्या मधून नगर-मनमाड महामार्ग जातो आणि महामार्ग प्रशासन, नगरपरिषद व साईबाबा संस्थान यांची तीन वेगळी अधिकारक्षेत्रे तिथे येऊन मिळतात. या तिघांनी स्थानक ते मंदिर असा सार्वजनिक वाहनासाठीच राखीव पट्टा आधी आखावा आणि त्यावर विजेच्या बस चालवून पाहाव्यात. रूळ टाकायचे की नाही ते त्यानंतरच्या प्रवासीसंख्येवर ठरवता येईल, पण दोन्ही बाजूंना दुकाने आणि लॉज उभे राहिल्यावर तो पट्टा कोणत्याही किमतीला मिळणार नाही.