पंढरपुरातला खून आणि कंपनीचा सौदा

'रायझिंग सन' हा हॉलिवूडचा चित्रपट १९९३ मध्ये आला. लॉस एंजेलिसमधल्या एका जपानी कंपनीच्या इमारतीत तरुणीचा खून होतो आणि तपास कंपनीच्या सौद्यापर्यंत जाऊन पोचतो. तो पाहताना मला सारखी आपली ईस्ट इंडिया कंपनी आठवत होती. आम्हा नंदुरबारकरांना ती अगदीच परकी नाही. सतराव्या शतकात तिची वखार आमच्याच गावात होती.

पुढे दीडशे वर्षांत या व्यापाऱ्यांनी तराजू ठेवून तलवार घेतली. १८१४ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला आले, तेही कंपनीने सुरक्षिततेची हमी दिल्यावरच. वाद होता जुन्या येण्यादेण्याचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा. शास्त्रीबोवा मोठे मजेशीर गृहस्थ. भरभर चालणे, तडतड बोलणे, समोरच्याला मध्येच तोडणे, संभाषणात इंग्रजी शब्द पेरणे, हा सारा साहेबी थाट रेसिडेंट एल्फिन्स्टनने टिपून ठेवला आहे. पेशव्यांच्या दरबारात हे कसे रुचावे? तरीही बाजीरावाने आपली मेहुणी शास्त्र्यांच्या मुलाला देऊ केली. तयारी झाली आणि शास्त्र्यांनी माघार घेतली. दरबारी मनाला हा अपमान किती झोंबला असेल, याची कल्पना आपल्याकडच्या माणसाला सहज यावी.

२० जुलै १८१५. आषाढीच्या यात्रेसाठी सारे पंढरपुरात होते. रात्री विठ्ठलाच्या देवळातून परतताना शास्त्र्यांवर मारेकरी तुटून पडले. संशय आला तो बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर. बडोद्यातही शास्त्र्यांना वैरी होतेच. पण हमी कंपनीची होती, म्हणून खुनाचा जाबही तीच विचारणार! एल्फिन्स्टनने त्रिंबकजीला मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले.

दगा नको म्हणून पहाऱ्यावर गोरे शिपाई नेमले. त्यांना मराठी येत नव्हते. एक मोतद्दार खिडकीखाली घोडा खरारत गाणी म्हणे आणि त्या गाण्यांतूनच पळण्याचा बेत आत पोचे, अशी कथा आहे. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी भिंत फोडून निसटला हे मात्र खरे.

त्याचे पळणे कंपनीच्या पथ्यावरच पडले. जून १८१७ च्या पुणे तहात बाजीरावाला मराठेशाहीचे पुढारपण सोडावे लागले, मुलूख तोडून द्यावा लागला आणि ज्यावरून भांडण जुंपले तो अहमदाबादचा इजारा साडेचार लाखांवर गायकवाडांना कायमचा मिळाला. म्हणजे खुनी कोण हे ठरण्याआधीच नफा कोणाचा हे ठरले. वर्षभरात पेशवाई बुडाली. खानदेश कंपनीकडे गेला, त्यात आमचे नंदुरबारही. या वेळी वखार मांडायची गरज उरली नव्हती.

१८१८ मध्ये त्रिंबकजी पुन्हा सापडला. त्याला गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात धाडले. तिथे १८२४ मध्ये बिशप हेबर त्याला पाहून आला. खटला मात्र कधीच चालला नाही.