उच्च पर्वतीय आश्रयस्थानांची रचना : भार, जल आणि संख्या

आश्रयस्थान म्हणजे मनुष्यवस्तीच्या पलीकडे, आरोहणाच्या मार्गावर, गिर्यारोहकांच्या अल्पकालीन निवासासाठी उभारलेली स्थिर वास्तू. तंबू या व्याख्येत येत नाही, कारण तो आरोहकाबरोबर वर जातो आणि त्याच्याबरोबरच खाली येतो. ज्या आश्रयस्थानाच्या वापराने पर्वतावर वर्षागणिक काहीही साचत नाही आणि जे चालविण्यासाठी खालून न्यावे लागणारे इंधन किमान असते, त्यास येथे शाश्वत म्हटले आहे. विवेचन सुमारे २८०० ते ४६०० मीटर उंचीच्या पट्ट्याचे असून उदाहरणे मुख्यतः आल्प्समधील आहेत. स्थिर आश्रयस्थानांची दीर्घ परंपरा आणि त्यांच्या यशापयशाचा तपशीलवार पुरावा तेथे उपलब्ध आहे.

प्रयोजनानुसार आश्रयस्थानांचे तीन प्रकार होतात. (१) आपत्कालीन : वादळात किंवा अपघातात सापडलेल्यांसाठी. मॅटरहॉर्नच्या हर्नली धारेवर ४००३ मीटरवर १९१५ मध्ये बांधलेली सॉल्व्हे कुटी या प्रकारची आहे. (२) अपरिचारक : जेथे व्यवस्थापक राहत नाही, आरोहक स्वतःची शिधासामग्री नेतो आणि रात्र काढून पुढे जातो. ग्रांद जोरास पर्वताच्या इटालियन बाजूस २०११ मध्ये बसविलेले जर्व्हासुत्ती बिवाक पूर्वनिर्मित खंड जोडून उभे केले आहे. (३) सपरिचारक : जेथे हंगामभर व्यवस्थापक असतो आणि भोजन व शय्या मिळतात. हे प्रकार कागदावर स्पष्ट असले तरी वापरात सरकतात. मों ब्लाँवरील ४३६२ मीटर उंचीची व्हालो कुटी केवळ आपत्काळासाठी आहे. तिचा उपयोग पूर्वनियोजित मुक्कामासाठी होऊ लागला की तेथे कचरा साचतो, कारण तिच्या रचनेत त्या वापराची तरतूदच नसते.

स्थळाचे भार तीन : वारा, वीज आणि भूमी. सुमारे ४००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश असते, म्हणून समान वेगाच्या वाऱ्याचा दाबही त्याच प्रमाणात घटतो. परंतु दाब वेगाच्या वर्गानुसार वाढतो. ताशी २१६ किलोमीटर वेगाचा वारा या उंचीवरही प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १५० किलोग्रॅम वजनाइतका रेटा देतो. विजेवरचा उपाय वास्तूच्या आवरणातच असू शकतो. मोंते रोझा पर्वतसमूहातील ४५५४ मीटर उंचीची मार्गेरिता कुटी १८९३ मध्ये उघडली आणि १९८० मध्ये नव्याने बांधली गेली. तिच्या भिंतींवर तांब्याचा पत्रा आहे. हा वाहक पिंजरा वीज बाहेरच्या बाहेर वाहून नेतो आणि आतला माणूस सुरक्षित राहतो.

भूमीचा प्रश्न अधिक गहन आहे. या उंचीवरील खडक पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे गोठलेला असतो आणि त्याच्या भेगांतील बर्फ हाच त्याचा सांधा असतो. तापमानवाढीने तो सांधा शिथिल होतो. उबदार जमीनतळाची वास्तू त्यावर थेट टेकविली तर तीही तेच करते. एग्वी द्यू मिदीजवळच्या कॉस्मिक आश्रयस्थानाखालील खडकाचा एक भाग १९९८ च्या उन्हाळ्यात कोसळला आणि पायाचा आधार गेला. म्हणून पाया खोल रोवलेल्या खांबांवर घ्यावा आणि तळ व खडक यांच्यामध्ये वाहती थंड हवा ठेवावी, हे येथील पहिले सूत्र.

वास्तू उभी राहिल्यावर ऊर्जेचा विचार येतो. सामान्य समज असा की सर्वाधिक ऊर्जा ऊब राखण्यासाठी लागते. तो तपासून पाहू. मों ब्लाँच्या रूढ मार्गावरील गूटे आश्रयस्थान ३८३५ मीटरवर असून २०१३ मध्ये उघडलेल्या नव्या वास्तूत १२० शय्या आहेत. निद्रिस्त मनुष्य सुमारे ८० वॅट उष्मा बाहेर टाकतो. १२० जणांचा मिळून सुमारे साडेनऊ किलोवॅट होतो. आता प्रत्येकास ताशी ३० घनमीटर ताजी हवा द्यावयाची, बाहेर उणे १० आणि आत १८ अंश सेल्सिअस ठेवावयाचे, तर केवळ ती हवा तापविण्यास सुमारे २१ किलोवॅट लागतात. म्हणजे देहाचा सर्व उष्मा वायुवीजनातच नष्ट होऊन तूट उरते. परंतु बाहेर जाणाऱ्या हवेचा चार पंचमांश उष्मा आत येणाऱ्या हवेस परत दिला, तर ही हानी सुमारे चार किलोवॅटवर येते आणि उरलेल्या साडेपाच किलोवॅटमध्ये जाड उष्मारोधक भिंतींची हानी भागू शकते. पूर्ण भरलेले आश्रयस्थान अशा रीतीने आपल्या निवाशांच्या उष्म्यावरच पुष्कळसे तापते. उबेचा प्रश्न मुख्यतः अपव्यय टाळण्याचा आहे.

जलाचे तसे नाही. उणे १० अंशांचा एक किलो हिम शून्यावर आणण्यास २१, वितळविण्यास ३३४ आणि ते पाणी १० अंशांपर्यंत नेण्यास ४२ किलोज्यूल लागतात. एकूण सुमारे ०.११ किलोवॅट-तास. माणशी पाच लिटर धरल्यास १२० जणांना ६०० लिटर, म्हणजे दररोज ६६ किलोवॅट-तास. यात उकळण्याचा खर्च धरलेला नाही. शिवाय या उंचीवर पाणी सुमारे ८७ अंशांवरच उकळते, त्यामुळे शिजण्यास वेळ अधिक लागतो. हा खर्च टाळता येत नाही. तो फक्त सूर्यावर ढकलता येतो. गूटेच्या अंडाकृती आकारामागे हाच विचार आहे : वाऱ्याने वाहून आलेला हिम हिमवितळणीच्या बाजूस साचावा आणि सौर उष्म्याने त्याचे पाणी व्हावे. मोंते रोझा आश्रयस्थान (२८८३ मीटर) हे स्विस अल्पाइन क्लब आणि झुरिकची संघीय तंत्रसंस्था यांनी मिळून २००९ मध्ये पूर्ण केले. तेथे दुसरा मार्ग आहे : वर्षातील थोडे महिने वाहणारे वितळजल वरच्या खडकातील गुहेत साठवून ते वर्षभर वापरतात. जेथे भूरचना अनुमती देईल तेथे हा मार्गच श्रेयस्कर, कारण वितळण्याचा उष्मा निसर्गाने आधीच दिलेला असतो.

जे प्यावयाचे तेच पुढे टाकावयाचे असते. मलाचे जैविक विघटन करणारे सूक्ष्मजीव थंडीत मंदावतात आणि गोठणबिंदूजवळ जवळपास थांबतात; म्हणून येथे शोषखड्डा म्हणजे केवळ साठवण होय. मनुष्य दिवसाला सुमारे सव्वा ते दीड लिटर मूत्र आणि साधारण १३० ग्रॅम मल त्यागतो. दोन्ही आरंभीच वेगळे केले, तर १२० जणांचा खाली नेण्याचा घनभार दिवसाला १६ किलोच्या आसपास राहतो. मिसळले, तर तो दहापटीहून अधिक होतो. विलगीकरणास त्यामुळे पर्याय नाही. एव्हरेस्टच्या पायथ्याचा तळ सरकत्या हिमनदीवर असल्यामुळे तेथे पायाच घालता येत नाही, तरी हा नियम सुटत नाही : २०२४ पासून तेथील स्थानिक प्रशासनाने आरोहकांना स्वतःची विष्ठा पिशवीत भरून खाली आणणे बंधनकारक केले.

वरील सर्व गणितांत एकच राशी पुनःपुन्हा येते : निवाशांची संख्या. वाऱ्याचा दाब आणि खडकाची स्थिती तिच्यावर अवलंबून नाहीत. जल, मल आणि वायुवीजन तिच्या प्रमाणात वाढतात. मोंते रोझाच्या अभिकल्पकांनी ९० टक्के ऊर्जास्वावलंबनाचे लक्ष्य ठेवले होते. परंतु वास्तूच्या कीर्तीने अपेक्षेहून अधिक लोक आले आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा विद्युत्भार वाढला. यंत्रणा सदोष नव्हती, गृहीत संख्या चुकली होती. यावरून रचनेचा क्रम उलटा धरावा लागतो. प्रथम त्या स्थळी किती पाणी मिळेल आणि किती मल खाली नेता येईल हे मोजावे, त्यावरून शय्यासंख्या ठरवावी, आणि मग आकार, आवरण व पाया यांकडे वळावे. प्रचलित क्रमात मागणीवरून शय्या ठरतात आणि उरलेल्या गोष्टी त्यांच्यामागे फरफटत येतात.

ही संख्या भिंतींच्या आत राहत नाही. २०१९ पासून मों ब्लाँच्या रूढ मार्गावर जाण्यासाठी तेथील आश्रयस्थानांपैकी एकात आरक्षण असणे प्रशासनाने अनिवार्य केले. त्यामुळे गूटेमधील १२० हा आकडा आता त्या मार्गावरून शिखराकडे किती जण जाऊ शकतील याचीही एक सीमा झाला आहे, आणि तेथे एक शय्या वाढविणे हा केवळ वास्तुशिल्पज्ञाच्या अधिकारातील निर्णय उरलेला नाही.