आधी जमीन, मग सहकार

महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास प्रवरानगरपासून सांगितला जातो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये तिथे शेतकऱ्यांचा साखर कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. त्यांना कारखाना मिळाला, आपल्याला शाळा मिळाली. मग आपण सहकारात मागे का राहिलो?

सहकाराचे तत्त्व आहे 'एक सभासद, एक मत'. हे तर समतेचेच तत्त्व! पण मताआधी सभासदत्व लागते. साखर कारखान्याचा उत्पादक सभासद ऊस पिकवणारा असतो आणि उसाला जमीन व पाणी लागते. मराठवाड्यातील आपला समाज बहुतांशी भूमिहीन. म्हणून कारखान्याच्या दारात आपण गेलो ते हातात कोयता घेऊन, शेअर घेऊन नव्हे.

बाबासाहेब सहकाराचे विरोधक नव्हते. 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात जमिनीच्या तुकड्यांवर बोलताना त्यांनी सहकारी शेतीचाच उपाय सुचवला. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते पुढे गेले: शेतजमीन सरकारची, गावातील कुटुंबांनी ती जातपात न पाहता सामुदायिकपणे कसावी, पाणी, बी-बियाणे, अवजारे सरकारने पुरवावीत. म्हणजे साधने आधी, सहकार नंतर. राज्यकर्त्यांनी क्रम उलटा केला. ज्यांच्याकडे साधने होती त्यांनाच सहकाराने बळ दिले.

हा क्रम सुलटा करण्यासाठीच दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये मराठवाडा-खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह केला. हजारो माणसे तुरुंगात गेली. पुढे 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आले. तरीही सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी आपली माणसे आजही तहसीलचे खेटे घालतात.

ज्यांना जमीन मिळाली, त्यांचे काय? एकेकटा माणूस बियाण्यासाठी सावकाराकडे जातो आणि विकताना अडत्याच्या तोंडाकडे पाहतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा जणांना संस्था नोंदवण्यासाठी अर्ज करता येतो. संचालक मंडळावरील एका राखीव जागेसाठी आपण भांडतो, ते योग्यच आहे. पण दुसऱ्याच्या संस्थेतील एका खुर्चीपेक्षा आपली स्वतःची संस्था मोठी आहे.

नागसेनवनातून शिकून बाहेर पडलेल्यांनी गावाकडे परत पाहावे. हिशेब लिहिणारा, कायदा वाचणारा माणूस तिथे हवा आहे. जमिनीची लढाई सोडायची नाही आणि मिळालेली जमीन एकट्याने कसायची नाही, एवढे आपण ठरवू या.

जय भीम!